निर्वासितांसोबत काम सुरू करताय? आधी एवढं बघा

दिल्लीत अफगाण आणि रोहिंग्या कुटुंबांना मदत करायला निघालात, छान! सगळा आंतरराष्ट्रीय कायदा पाठ करत बसू नका. एवढंच पक्कं ठेवा: १९५१ च्या निर्वासित करारात भारत सामील नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळांचं काम भारत सरकार बघतं; अफगाण आणि म्यानमारच्या लोकांची नोंदणी यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, करते.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- ‘कॅनडाचं बघू’ असं गमतीतही म्हणू नका. जगभरात वर्षाला एक टक्काही निर्वासितांना तिसऱ्या देशात (मायदेश आणि आत्ता राहतात तो देश सोडून) पुनर्वसन मिळत नाही, आणि कुणाला घ्यायचं हे तो देश ठरवतो. ही प्रक्रिया पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारा दलाल दिसला की कुटुंबाला लगेच सावध करा. आशेवर असलेला माणूस कर्ज काढूनही पैसे देतो.
- मायदेशी परतणं स्वेच्छेनेच. ‘आता तिकडे शांत आहे की’ हे आपण बोलायचं नाही.
- पळून आल्याची कहाणी उकरू नका. फोटो तर व्हॉट्सॲपवर टाकूच नका. मागे राहिलेले नातेवाईक अडचणीत येऊ शकतात.

निर्वासित दर्जासाठीच्या मुलाखती, अपिलं नंतर. सध्या शाळाप्रवेश, दवाखाना आणि यूएनएचसीआरच्या कार्डाची मुदत सांभाळा.