पुन्हा प्यायलो, आता ग्रुपमध्ये कोणत्या तोंडाने जाऊ?

‘वर्षभर नीट होतो, आणि परवा पुन्हा प्यायलो. आता त्याच लोकांसमोर कोणत्या तोंडाने जाऊ? दारू सोडणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपचा उपयोग होतो का? आणि ओळख फुटली तर?’ घसरण झालेला माणूस समोर बसला की हे प्रश्न बहुधा एका दमात येतात. खालची केस दोन-तीन जणांच्या अनुभवांची मिळून केलेली आहे. कुणी ओळखू येईल असं तिच्यात काही ठेवलेलं नाही.

हे गृहस्थ चाळिशीतले. चौदा महिने दारूला शिवले नव्हते. मग एका रात्री दोन पेग, दुसऱ्या दिवशी ‘आता झालंच आहे तर’ म्हणून बाटली, आणि पुढे आठवडाभर रोज. बायकोने विचारलं तेव्हा थांबले. थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बोलायला आले आणि बसताच म्हणाले, ‘मला एखादा चांगला ऑनलाइन ग्रुप सुचवा.’

ग्रुपचं नंतर. अशा वेळी आधी विचारायचं ते शेवटचा घोट किती तासांपूर्वी घेतला. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं की साधारण ६ ते १२ तासांत हात थरथरतात, घाम येतो, छातीत धडधडतं, झोप उडते. फिट यायची असेल तर ती बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते. नसलेलं दिसणं-ऐकू येणं, आपण कुठे आहोत याचं भान सुटणं, ताप चढणं हा प्रकार साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान सुरू होतो आणि त्यात जीव जाऊ शकतो. पूर्वी कधी फिट आली असेल तर धोका आणखी जास्त. त्यामुळे पहिला पत्ता डॉक्टरचा. व्यसन अफूजन्य पदार्थांचं असेल तर भीती वेगळी असते: मधल्या बंद काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि जुनीच मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो. जीव देण्याचे विचार येत असतील तरीही ग्रुपवर लिहून उत्तराची वाट बघत बसायचं नाही, तातडीची वैद्यकीय मदत घ्यायची.

या गृहस्थांचे पहिले चार-पाच दिवस औषधांवर निभावले. त्यानंतर कळलं की ते एक नाही, सहा ऑनलाइन ग्रुपांत होते. रोज रात्री झोपण्यापूर्वी तास-दीड तास दुसऱ्यांचे अनुभव वाचायचे. स्वतः एक ओळही लिहिलेली नव्हती. चौदा महिने दारू सोडणाऱ्यांच्या ज्या मीटिंगला जात होते तिथे मात्र घसरण झाल्यापासून फिरकलेही नव्हते, फोनही उचलत नव्हते.

लाज ही इथे नुसती भावना उरत नाही, ती पुढच्या पेगचं कारण बनते. ॲलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात हे नीट उलगडून दाखवलं. पूर्ण वर्ज्य करायचं ठरवलेला माणूस एकदा चुकला की चूक त्या प्रसंगावर न टाकता स्वतःवर घेतो. ‘मी आहेच असा’ म्हटलं की थांबण्याचं कारण संपतं आणि एका रात्रीचा आठवडा होतो. म्हणून घसरणीनंतर लोकांत परतायला जितका उशीर, तितकं ते जड. ऑनलाइन खोलीचा, म्हणजे व्हिडिओवरच्या मीटिंगचा, खरा फायदा इथे आहे. दारातून आत जाताना कुणी बघत नाही, कॅमेरा बंद ठेवून ऐकता येतं, आणि आज रात्रीच जाता येतं.

पण नुसतं वाचणं म्हणजे आधार नव्हे, हे त्यांना पटायला दोन बैठका लागल्या. लिहिलेल्या पोस्टला उत्तर येतं ते तीन-चार तासांनी. तलफ इतका वेळ थांबत नाही. ती चढते, टोकाला जाते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरते. त्या अर्ध्या तासात जिवंत आवाज हवा. शिवाय रात्री एकट्याने दुसऱ्यांच्या पिण्याची रसभरीत वर्णनं वाचली की काही जणांना उलट तहान लागते. यांना लागत होती, फक्त त्यांनी तो संबंध जोडला नव्हता.

ग्रुप शोधताना लोक नाव बघतात, सदस्यसंख्या बघतात. आमचं म्हणणं, आधी घड्याळ बघा. मागच्या घसरणीचे सगळे दिवस कागदावर मांडायचे: पहिला पेग किती वाजता, त्याआधीच्या दोन तासांत काय झालं, पोटात काही होतं का, घरात कोण होतं. या गृहस्थांच्या कागदावर बहुतेक नोंदी रात्री साडेनऊ ते अकराच्या होत्या. काम संपलेलं, जेवण लांबलेलं, घरचे दुसऱ्या खोलीत. मग त्यांना हवा होता तो ‘चांगला ग्रुप’ नव्हे, तर साडेनऊला सुरू होणारी मीटिंग. ऑनलाइन मीटिंग जगभरातून चालतात, त्यामुळे कुणाच्या तरी सकाळची किंवा दुपारची मीटिंग आपल्या धोक्याच्या तासाला हमखास सापडते. फक्त वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे लिहिली आहे ते तपासायचं. काही देश वर्षातून दोनदा घड्याळ तासाने पुढे-मागे करतात. त्या आठवड्यात माणूस तासभर उशिरा किंवा लवकर पोचतो, खोली रिकामी दिसते, आणि ‘बंद पडला वाटतं ग्रुप’ म्हणून जाणं सोडतो. हे खरोखर होतं.

कोणत्या पद्धतीचा ग्रुप, हा त्यानंतरचा प्रश्न. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सुरू झाली. फी नाही, आणि सदस्य होण्याची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. किती महिने सोडलेली आहे हे त्या अटीत कुठेच नाही, त्यामुळे घसरलेला माणूस सदस्यच राहतो. ‘परत घेतील का’ या भीतीवर यापेक्षा सरळ उत्तर नाही. एएत एकाने शेअरिंग केलं, म्हणजे आपला अनुभव सांगितला, की बाकीच्यांनी त्यावर टिप्पणी न करण्याची रीत आहे. स्मार्ट रिकव्हरी १९९४ची. तिथे एएसारखा ईश्वरी शक्तीचा आधार घेत नाहीत. विचार आणि वर्तन बदलण्याची साधनं वापरतात आणि एकमेकांशी चर्चा चालते. केवळ स्त्रियांसाठी १९७५पासून विमेन फॉर सोब्रायटी आहे. ज्याला मध्येच कुणी सल्ला दिला की बंद व्हायला होतं त्याला एएची रीत मानवते. ज्याला ‘मग मी उद्या नेमकं काय करू’ हे विचारायचं असतं तो स्मार्टमध्ये रमतो. दोन्हीकडे जायला कुणाची बंदी नाही. मात्र ‘मर्यादेत पिऊ’ असं उद्दिष्ट असलेले ग्रुपही असतात, आणि पूर्ण सोडायचं ठरवलेल्याने ते याच्या जोडीला घेऊ नयेत. वाईट रात्री माणूस आपल्याला हवा तोच सल्ला उचलतो.

उपयोग किती होतो? कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०२०मध्ये २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला, सहभागी दहा हजारांहून जास्त. लोकांना एएशी जोडून देणारे पद्धतशीर उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रचलित उपचारांपेक्षा सरस ठरले. तो पुरावा मुख्यतः प्रत्यक्ष भरणाऱ्या मीटिंगचा आहे, ऑनलाइनचा अजून तुटपुंजा आहे. म्हणून जमेल तेव्हा आठवड्यातून एक प्रत्यक्ष मीटिंग धरायची, असं आम्ही सांगतो. एक मीटिंग कंटाळवाणी निघाली म्हणून पद्धतच बाद करायची नाही. वेगवेगळ्या दिवशी निदान तीनदा बसून मग ठरवायचं.

ओळख फुटण्याची भीती रास्त आहे, पण ती बहुतेक वेळा आपल्याच सेटिंगमुळे खरी होते. यांनी पहिल्यांदा मीटिंगची लिंक उघडली ती ऑफिसच्या लॅपटॉपवर, आणि पडद्यावर आलं पूर्ण नाव, आडनाव, खाली कंपनीचं नाव. घाबरून लगेच बाहेर पडले. नंतर केलं ते असं: वेगळा ईमेल काढला, त्यावरून व्हिडिओ ॲपचं नवं खातं, नाव फक्त पहिलं. आत शिरण्यापूर्वी दिसणारं नाव वाचून बघायचं, मागे कोरी भिंत, कानात हेडफोन. मेसेजिंग ॲपच्या ग्रुपात शिरण्याआधी बघायचं की आपला मोबाइल नंबर आणि फोटो इतरांना दिसतो का. बऱ्याच ॲपवर तो दिसतो, आणि सदस्यांत ओळखीचा निघाला तर तो आपल्याला नावानिशी ओळखतो. लॉक असलेल्या स्क्रीनवर मेसेजचा मजकूर झळकणं बंद करायचं. मीटिंग रेकॉर्ड होत असल्याची खूण दिसली तर निघून जायचं. एवढं करूनही शंभर टक्के गुप्तता कुणी देऊ शकत नाही, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत कंपनी, गाव, मुलांची नावं बोलण्यात आणायची नाहीत.

मग पहिलं बोलणं. ते कागदावर लिहून समोर ठेवायला सांगितलं, कारण बोलायची पाळी आली की घसा कोरडा पडतो. चार वाक्यं: ‘चौदा महिने सोबर होतो. गेल्या आठवड्यात प्यायलो. आज प्यायलेलो नाही. आज फक्त ऐकायला आलोय.’ किती प्यायलो, कोणता ब्रँड, हे वगळायचं. ऐकणाऱ्यांत कालच थांबलेला कुणी असू शकतो.

सगळ्यात मोलाचा भाग मीटिंग संपल्यानंतरचा. औपचारिक भाग आटोपला की बहुतेक खोल्या दहा-पंधरा मिनिटं उघड्या राहतात, गप्पा होतात, आणि नंबर तिथे मिळतात. नवखे लोक नेमके त्याच वेळी ‘लीव्ह’ दाबतात. थांबायचं, आणि दोघा-तिघांना सरळ विचारायचं, ‘तलफ आली तर फोन केला तर चालेल का? किती वाजेपर्यंत?’ एएत स्पॉन्सर म्हणजे वाट दाखवणारा जुना सदस्य. तो शक्यतो आपल्याच लिंगाचा असावा, असा तिथला जुना दंडक आहे. नव्या, हळव्या माणसाचा फायदा घेणारे सगळीकडेच असतात, ऑनलाइन जरा जास्तच सहज. कुणी लवकर जवळीक साधू लागला, पैसे मागू लागला किंवा काही विकू लागला, तर ब्लॉक करून मीटिंग चालवणाऱ्याला कळवायचं. ‘गोळ्या घेतोस म्हणजे तू खरा सोबर नाहीस’ असं सांगणारेही भेटतात. नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम ही दारू सोडायला मदत करणारी औषधं किंवा नैराश्याची औषधं ग्रुपमधल्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करायची नाहीत. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये हे एएचंही स्वतःचं म्हणणं आहे.

नंबर मिळाले तरी फोन होत नाही, हा नेहमीचा अडथळा. ‘रात्री कुणाला त्रास द्यायचा’ म्हणत माणूस अडखळतो. उपाय म्हणजे तलफ नसताना सराव. यांनी आठवडाभर रोज संध्याकाळी त्यातल्या एकाला फोन केला, दोनच मिनिटं, ‘आज ठीक आहे’ एवढंच सांगायला. नऊ-दहा दिवसांनी बॉसशी भांडण झालं आणि रात्री साडेदहाला ते चपला घालून दाराशी उभे राहिले. मोबाइलमध्ये आधीच लिहून ठेवलेला मेसेज तिघांना पाठवला: ‘तलफ आहे. २० मिनिटं बोलता येईल का?’ पहिल्याने उचललं नाही. दुसरा सातव्या मिनिटाला बोलला. त्याने विचारलं, जेवलास का? जेवले नव्हते. फोन चालू ठेवून जेवले. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार गोष्टी आधी तपासायच्या ही या वर्तुळातली जुनी शिकवण, आणि त्या रात्री चारही हजर होत्या.

तीन नंबर लागतात ते यासाठी. एक झोपलेला असतो, एक स्वतःच घसरलेला असू शकतो. यांच्या तिघांपैकी एक दीड महिन्यानंतर पुन्हा प्यायला लागला आणि गृहस्थ पार हबकले. अशा वेळी त्याला सावरणं आपल्या अंगावर घ्यायचं नाही. त्याला मीटिंगची वेळ कळवायची, आणि आपण स्वतः त्याच दिवशी बसायचं.

दिवस मोजणाऱ्या ॲपने त्यांना फार छळलं. चौदा महिन्यांचा आकडा शून्यावर आला की तो कुणालाही टोचतोच. आम्ही दोन आकडे ठेवायला सांगितले: सलग किती दिवस, आणि पहिल्यांदा सोडली तेव्हापासून न पिता गेलेले एकूण किती दिवस. दुसऱ्या आकड्यातून फक्त तो एक आठवडा वजा झाला. त्यानंतर सहांपैकी चार ग्रुप त्यांनी सोडले.

बायकोची तक्रार होती की दारूच्या जागी आता मोबाइल आला. तिला शेजारी बसवायचं असेल तर मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड हे आधी बघावं लागतं, क्लोज्डमध्ये फक्त स्वतः व्यसनाशी झगडणारेच बसतात. घरच्यांसाठी १९५१पासून अल-ॲनॉन वेगळं आहे, त्याच्याही मीटिंग ऑनलाइन होतात. ती तिथे जाऊ लागली, तिच्या वेळेला, तिच्या फोनवर. जुन्या मीटिंगच्या लोकांना गृहस्थांनी तिसऱ्या आठवड्यात फोन केला. आता गुरुवारी प्रत्यक्ष जातात, आणि साडेनऊच्या ऑनलाइन खोलीत वेळ सांभाळण्याचं काम त्यांच्याकडे आहे. खोली उघडणं, मीटिंग चालवणं यासाठी बरेच ग्रुप काही महिने सोबर असण्याची अट घालतात. पण घड्याळ लावून ‘एक मिनिट राहिलं’ सांगणं किंवा सुरुवातीचं निवेदन वाचणं हे काम नव्या माणसाला बहुतेक ठिकाणी मागितलं की मिळतं, आणि ते घेतलं की साडेनऊला पोचावंच लागतं.