गुटखा खाणारं लेकरू आणि तिसरा तास

प्रश्न : मी नववीला गणित शिकवतो. वर्गातला एक मुलगा गुटखा खातो. आई-वडील ऊसतोडीला गेलेत, तो आजीजवळ राहतो. पहिल्या तासाला बरा असतो. नंतर चिडतो, वहीत काही उतरवत नाही. वर्गाबाहेर काढावं का?
– एक शिक्षक, गेवराई

उत्तर : सर, बाहेर काढू नका. बाहेर काढलेलं लेकरू थेट टपरीवर जातं. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. तिसऱ्या तासाला तुम्हाला दिसते ती तलफ असते, उर्मटपणा नव्हे. सोडायला लागला की पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड. तेव्हा पाऊण तास सलग फळ्यावर शिकवलंत तर त्याच्या हाती काही लागणार नाही. दहा मिनिटं समजावून सांगा, मग हाताला काम द्या. परभणीकडे शिकवताना मी अशा मुलांना प्रमाणाची गणितं उचलीवरून, म्हणजे ऊसतोडीआधी मिळणाऱ्या आगाऊ पैशांवरून, घालायचे : मुकादमानं किती दिले, किती टन तोडल्यावर फिटले? घरचाच हिशेब, मुलं मान वर करून बोलायची. उदाहरण अर्धं सोडवून द्या, उरलेलं त्याला पुरं करू द्या. चार पोरांसमोर तोंड उघडून दाखवायला मात्र कधीही लावू नका.

नुसत्या शिकवण्यानं व्यसन सुटत नाही. त्यासाठी १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे; टपरीची लेखी तक्रार मुख्याध्यापकांकडून करवून घ्या. आणि आजीला शाळेत बोलावू नका, संध्याकाळी तुम्हीच घरी जाऊन या.