हिंदे की मुंदे?

"मॅडम, राजीनामा लिहूनच आणलाय." खिशातला घडी घातलेला कागद त्यानं टेबलावर ठेवला. खानापूर तालुक्यातला 26 वर्षांचा मुलगा, विमानतळावर रॅम्पवर, म्हणजे विमान उभं राहतं तिथं, सामान चढवायचं-उतरवायचं काम करतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. 'सोबतचा माणूस मुद्दाम त्रास देतो, नोकरी सोडू का?' हा त्याचा प्रश्न बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत नेहमीच येतो.

त्याचे सिनियर पन्नाशीचे, कन्नड बोलणारे. हा त्यांना अण्णा म्हणतो, ते ह्याला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. पण विमान लागलं की चारचौघांत ओरडतात आणि उशीर झाला की ह्याच्यावर ढकलतात. "मी मराठी म्हणूनच चाललंय की हे सगळं!"

पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव कन्नड राज्यात गेलं, तेव्हापासून आपल्या भागात भाषेची जखम ओली आहे, कुठलाही अपमान आधी तिथंच जाऊन लागतो. दुसऱ्या भेटीत मात्र मी त्याला शेवटचं भांडण मिनिटामिनिटानं सांगायला लावलं.

पंख्याचं छोटं विमान, थांबणार जेमतेम अर्धा तास. सामानाचे होल्ड दोन, एक पुढं, एक मागं. कुठं किती वजन यावर विमानाचा तोल ठरतो, म्हणून लोडशीटवरचा (कुठं किती सामान हे लिहिलेल्या कागदावरचा) आकडा आणि आतल्या बॅगा जुळाव्याच लागतात. अण्णा ओरडले "हिंदे", म्हणजे मागं. ह्याला ऐकू आलं "मुंदे", म्हणजे पुढं. कानात इअरप्लग, शेजारी इंजिनाचा आवाज. बॅगा परत काढाव्या लागल्या, विमान उशिरा सुटलं. उशिराचं कारण कोड टाकून नोंदवतात, आणि तो कोड आपल्या माथी येऊ नये म्हणून प्रत्येकाची धडपड. अण्णांनी ह्याचं नाव सांगितलं. ते चुकलंच त्यांचं. पण त्यामागं मला द्वेषापेक्षा भीती जास्त दिसली.

मी म्हटलं, "राजीनामा महिनाभर माझ्याकडं राहू दे. उद्यापासून आकडा ऐकलास की बोटांनी दाखवून मोठ्यानं परत म्हण: मागं 14, पुढं 22, बरोबर? त्यांनी मान हलवल्याशिवाय बॅग उचलू नकोस." वैमानिकसुद्धा टॉवरची सूचना परत म्हणून दाखवतात, त्यात कमीपणा कसला? बाकीचं बोलणं विमान सुटल्यावर, दोघांतच. मात्र तोलाचं, सुरक्षेचं काही चुकतंय असं दिसलं तर अण्णांच्या रागाची पर्वा न करता तिथंच थांबवायचं. नंतर बोलू म्हणून ते गिळायचं नाही. शिवीगाळ झाली तर तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ड्युटी मॅनेजरला द्यायचं. (मुलींशी लैंगिक चाळे किंवा तसली भाषा होत असेल तर नुसतं समजुतीनं घ्या असं मी कधीच सांगत नाही. 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात त्यासाठी अंतर्गत समिती हवी.)

महिन्यानं तो आला. पहिले आठ दिवस अण्णा चिडले होते, "मला शिकवतोस काय?" म्हणून. मग एका पावसाळी संध्याकाळी, काहीच ऐकू येत नसताना, त्यांनीच आधी बोटं वर केली. उशिराचा कोड ह्याच्या नावावर टाकणं अजून पूर्ण थांबलेलं नाही, त्यासाठी त्यानं मॅनेजरला लेखी दिलंय. चहालाही अण्णा बोलवत नाहीत.

जाताना त्यानं राजीनामा परत मागितला. मी दिला. त्याच कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यानं रॅम्पवर लागणारे कन्नड शब्द लिहायला सुरुवात केली.