नर्सिंग नुकतंच पूर्ण झालं, हातात तीन ऑफर आहेत. पहिली नोकरी कोणती घेऊ?

विचारणारीने तीन ऑफर सांगितल्या आहेत. मोठ्या नावाच्या रुग्णालयातलं आयसीयू, पगार सगळ्यात जास्त, पण दोन वर्षांचा बॉन्ड, म्हणजे आधी सोडलं तर पैसे भरायचे. मध्यम रुग्णालयातला मेडिकल-सर्जिकल वॉर्ड, पगार बराच कमी. आणि एक डायलिसिस सेंटर, जिथे नाईट नाही. शेवटी एक वाक्य जोडलंय : "घरचे म्हणतात आयसीयूच घे, वॉर्डात वर्षं वाया जातील." हेच वाक्य अकरा वर्षांपूर्वी मला माझ्या दादाने ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसले. तू माझ्याहून लहान असणार असं धरून सरळ तू म्हणते.

वॉर्ड घे. का, ते सांगते.

मलाही तेव्हा असंच निवडायचं होतं आणि मी आयसीयू घेतलं. नाव मोठं, पगार मोठा, घरात सगळे खूश. ओरिएंटेशन पंधरा दिवसांचं होतं. त्यातले चार दिवस फॉर्म भरण्यात, आग विझवण्याच्या प्रशिक्षणात आणि कॉम्प्युटरवर नोंदी कशा करायच्या ते शिकण्यात गेले. उरलेले दिवस जी सिस्टर ड्युटीवर असेल तिच्या मागे फिरायचं. रोज वेगळी सिस्टर. एकीने सांगितलेलं दुसरी खोडून काढायची. सोळाव्या दिवशी माझ्या नावावर दोन पेशंट लागले आणि तिसऱ्या आठवड्यात नाईट लागली.

त्या नाईटबद्दल मी घराबाहेर कधी बोलले नाही. चार नंबरच्या बेडवर सेप्टिक शॉकचे, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर पसरून बीपी कोसळलेले, पेशंट होते. व्हेंटिलेटर, बीपी सतत दाखवणारी आर्टेरियल लाईन, सिरिंज पंपावर बीपी टिकवून धरणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन. हे औषध चालवलेल्या प्रत्येकीला माहीत असतं की शरीरात ते साधारण दोन मिनिटांत निम्मं होतं. सिरिंज संपली की बीपी लगेच कोसळायला लागतं. म्हणून जाणती सिस्टर पुढची सिरिंज आधीच भरून, लेबल लावून दुसऱ्या पंपावर तयार ठेवते आणि जुनी चालू असतानाच नवी सुरू करते. मला डोस पाठ होता, औषध कसं काम करतं ते पाठ होतं. पण ही सिरिंज बदलायची पद्धत मला कोणी एकदाही हाताला धरून दाखवली नव्हती.

रात्री तीननंतर सिरिंज संपत आल्याचा अलार्म वाजला, तेव्हा मी माझ्याच दुसऱ्या पेशंटचं सक्शन करत होते, म्हणजे श्वासनळीतला कफ ओढून काढत होते. ते अर्धवट सोडता येईना. ते आटपून मी चार नंबरला पोचेपर्यंत वरचं बीपी १०८ वरून ७० च्या खाली आलं होतं. मी एकटीने घाईघाईने नवी सिरिंज भरली, ५० मिलीत ४ मिलिग्रॅम, मला शिकवली होती तशी. पंप आधीच्याच वेगाने सुरू केला. बीपी चढेना. मी पंप बघतेय, लाईन बघतेय, बीपी मोजणारा ट्रान्सड्यूसर बघतेय. पलीकडच्या बेडवर इंट्युबेशन, म्हणजे घशातून श्वासाची नळी घालणं, चाललं होतं, डॉक्टर आणि दोन्ही सिनियर सिस्टर तिकडे. सहा-सात मिनिटांनी त्यातली एक सिस्टर मोकळी झाली, इकडे आली, ट्रेमधली रिकामी सिरिंज उचलून लेबल वाचलं आणि म्हणाली, "अगं, ही डबल स्ट्रेंथ होती." संध्याकाळी डॉक्टरांनी ती ८ मिलिग्रॅमची करून घेतली होती. चार्टवर लिहिलेलं होतं, हँडओव्हरमध्ये सांगायचं राहिलं होतं, आणि लेबल मी वाचलं नव्हतं. म्हणजे इतका वेळ त्या माणसाला मी अर्धाच डोस देत होते.

पेशंट वाचले, पुढच्या आठवड्यात व्हेंटिलेटरवरून निघाले. सकाळी मला बोलावून लेखी खुलासा मागितला. लेबल न वाचणं ही माझी चूक होती आणि मी तसंच लिहून दिलं. मग विचारलं गेलं, "समजत नव्हतं तर कोणाला विचारायचं नाही का?" मी म्हटलं, "कोणाला?" त्याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. ज्या दोघी सांगू शकल्या असत्या, त्या दुसऱ्याचा जीव वाचवण्यात गुंतल्या होत्या आणि नवी मुलगी त्या रात्रीच्या मोजणीत पूर्ण स्टाफ म्हणून धरलेली होती.

पाचव्या महिन्यात मी राजीनामा दिला. बॉन्डची रक्कम दादाने भरली. तो मनाने वाईट नाही, रात्री दोन वाजता मला घ्यायला आलेला माणूस आहे. पण त्या दिवशी तो म्हणाला, "पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. बाकीच्या मुली टिकल्या, तू पळून आलीस." हे मी नंतर प्रत्येक घरच्या कार्यक्रमात ऐकलं.

दादाला आकडे आवडतात, म्हणून एक आकडा. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांवरचा लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००२ मध्ये आला. त्यात दिसलं की एका नर्सवर एक पेशंट वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि नर्स खचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. अशाच कारणांसाठी कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून प्रमाण बांधून दिलं. आयसीयूत एका नर्सकडे जास्तीत जास्त दोन पेशंट. माझ्याकडेही दोनच होते, म्हणजे कागदावर सगळं बरोबर होतं. पण ते प्रमाण काम येणारी नर्स धरून बांधलेलं असतं, पंधरा दिवसांची मुलगी धरून नाही. पाण्यात पडलं की पोहता येतं, हे स्वतः पाण्यात उतरणाऱ्यापुरतं ठीक आहे. आमच्या कामात मी चुकले तर बुडणार पेशंट असतो.

त्यानंतर दोन महिने घरी होते आणि मग एका लहानशा रुग्णालयाच्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात लागले. पगार आधीच्या जवळजवळ निम्मा. तिथे बारा आठवडे एकच सिस्टर माझ्याबरोबर होत्या. माझ्या पाळ्या त्यांच्या पाळ्यांना बांधलेल्या. पहिले सहा आठवडे माझ्या नावावर एकही पेशंट नव्हता, जे करायचं ते त्यांच्या नजरेखाली. औषधांची ट्रॉली फिरवताना प्रत्येक पेशंटपाशी त्या थांबवायच्या : "हे का देतेस? दिलं नाही तर काय होईल? देण्याआधी काय बघशील?" डिगॉक्सिनच्या, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या औषधाच्या, आधी नाडी मोजली नाही तर गोळी माझ्या हातातून काढून घ्यायच्या. आणि श्वास. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला लावायच्या, पेशंटच्या मनगटावर नाडी धरल्यासारखा हात ठेवून, म्हणजे आपण श्वास मोजतोय हे त्याला कळत नाही आणि तो श्वासाची गती बदलत नाही. कोणी अंदाजाने १८ लिहिलेलं दिसलं की त्या चार्ट परत पाठवायच्या.

पाचव्या आठवड्यात आतड्याच्या ऑपरेशनचे एक आजोबा होते, तिसरा दिवस. चार्टवर सलग चार पाळ्यांत श्वास १८, १८, १८, १८. बीपी ठीक, ताप नाममात्र. आजोबा म्हणत होते, काही नाही, जरा अस्वस्थ वाटतंय. मी मिनिटभर मोजले तर २८ भरले. पुन्हा मोजले, पुन्हा २८. सिस्टरना सांगितलं. त्यांनी स्वतः फोन उचलला नाही, माझ्याच हातात दिला आणि शेजारी उभ्या राहिल्या. मी डॉक्टरांना नाव, ऑपरेशन, आत्ताचे आकडे, मला काय वाटतंय आणि त्यांनी येऊन बघावं, हे त्याच क्रमाने सांगितलं. आवाज थरथरत होता. आतला जोड गळत होता. संध्याकाळी आजोबांना पुन्हा थिएटरमध्ये घेतलं आणि पुढे ते चालत घरी गेले. त्या दिवशी प्रथमच मला वाटलं की मी नर्स आहे. दादा ज्याला वाया गेलेली वर्षं म्हणतो ती ही.

अडीच वर्षांनी मी पुन्हा आयसीयूत गेले, दुसऱ्या रुग्णालयात, आणि आजही तिथेच आहे. नव्या मुलीला पहिल्या आठवड्यात मी साध्या सलाईनच्या दोन सिरिंज आणि दोन पंप घेऊन बसवते आणि बदलायचा सराव वीस वेळा करून घेते. पेशंटच्या पंपाला त्यानंतरच हात.

आता तुझा प्रश्न. कोणत्या विभागात जायचं हे पहिल्या वर्षी दुय्यम आहे. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या घडणीच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यातली तिसरी, जिथे आपण पुढचं ओळखून कामाची आखणी करू लागतो, ती यायला एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं लागतात. तोवर तुझ्या शेजारी कोण उभं आहे हे महत्त्वाचं. त्यामुळे तिन्ही ठिकाणी हे विचार : ओरिएंटेशन किती आठवडे आणि त्यात मी स्टाफच्या मोजणीत धरली जाते का? प्रीसेप्टर, म्हणजे मला शिकवायला नेमलेली सिस्टर, एकच की रोज बदलणार? नाईटला एका नर्सकडे किती पेशंट? स्टाफ कमी पडला की मला दुसऱ्या वॉर्डात पाठवणार का, आणि कितव्या महिन्यापासून? मागच्या वर्षी घेतलेल्या मुलींपैकी किती आज तिथे आहेत? शेवटच्या प्रश्नाला समोरचा गडबडला तर बाकीची उत्तरं कितीही गोड असोत, निघून ये. शक्य असेल तर मागच्या वर्षी लागलेल्या एखाद्या मुलीशी बोल, तीही ड्युटी संपल्यावर, इन्चार्ज समोर नसताना.

डायलिसिस सेंटर पहिली नोकरी म्हणून नको. फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून केलेल्या रक्तवाहिनीत, सुई घालायला आणि मशीन सांभाळायला उत्तम शिकशील. तेच पेशंट आठवड्यातून तीनदा, चार-चार तास येत असल्यामुळे माणसंही जोडली जातील. पण पहिल्याच वर्षी हात एका कामात बांधून घेऊ नकोस. तिथे तीन वर्षांनीही जाता येतं.

हे सगळं मी ठामपणे लिहिलं तरी दोन ठिकाणी माझं ऐकू नकोस. त्या आयसीयूत खरोखर दहा-बारा आठवड्यांचं ओरिएंटेशन असेल, एकच प्रीसेप्टर असेल आणि तसं ते लिहून देत असतील, तर आयसीयू घे. माझ्याबरोबर लागलेली एक मैत्रीण पुढे अशाच ठिकाणी गेली आणि पहिल्याच वर्षात माझ्यापेक्षा खूप पुढे निघून गेली. आणि घरावर कर्ज असेल, तुझ्या पगारावर घर चालणार असेल, तर जास्त पगाराची नोकरी घे आणि त्याबद्दल कोणाला स्पष्टीकरण देऊ नकोस. मला कमी पगार परवडला तो दादामुळे, हेही खरं आहे. त्याला मी हे कधी सांगितलं नाही.

बॉन्ड मात्र पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नकोस. सोडताना भरायची रक्कम महिन्यागणिक कमी होत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्णच राहते, ते बघ. माझी पूर्ण होती, मला ते राजीनामा दिल्यावर कळलं. आणि मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेणार असतील तर तिथे जाऊच नकोस, मग ऑफर कितीही मोठी असू दे.