आजींनी मीठ का दिलं नाही?

प्रश्न : मुलगा शिकायला बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात आहे. 20 डिसेंबरला सकाळीच शेजारच्या आजींकडे मीठ मागायला गेला. एरवी बरणीभर लोणचं देणाऱ्या आजींनी उंबऱ्यावरच अडवलं, मीठही दिलं नाही. काही चुकलं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अहो, दिवसच चुकला! बल्गेरियात 20 डिसेंबर म्हणजे इग्नाझदेन, संत इग्नाशियसचा सण. वर्षातली सगळ्यात मोठी रात्र तोंडावर आलेली. त्या दिवशी घरातलं मीठ, विस्तव उसना देत नाहीत. बरकत जाते म्हणे. दिवेलागणीला मीठ न देणारी आपली आजी आठवा. शिवाय पहिला पाहुणा, ‘पोलाझनिक’, जसा येईल तसं घराचं वर्ष जातं. म्हणून ‘हातगुणाचा’ माणूस आधीच सांगून ठेवतात.

बल्गेरियातल्याच प्लॉवदिव शहरात असताना एकदा हा मान मला मिळाला. घरमालकिणीने चुलीतले निखारे काडीने हलवायला लावले (ठिणग्या उडतील तितकी कोकरं, पिल्लं!) आणि मग खुर्चीत दाबून बसवलं. पाहुणा बसला की कोंबड्या खुडूक बसतात. कोंबड्या तिच्याकडे नव्हत्याच, तो भाग वेगळा.

मुलाला सांगा, 24 च्या रात्री, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्री, आजींकडे अक्रोड घेऊन जा. त्या दिवशी जेवण बिनमांसाचं, पदार्थ विषम संख्येत, भाकरीत नाणं. जेवणानंतर प्रत्येकजण एक अक्रोड फोडतो. गर भरलेला निघाला तर वर्ष चांगलं.