"जेवलास का?" विचारणारा पहिला माणूस

गेल्या आठवड्यात एक आई माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. खुर्चीत बसायच्या आधीच तिने विचारलं, "मॅडम, पोराला बोलायचं की नाही बोलायचं, एवढंच सांगा." मुलगा नववीत. काही बोललं की "मी घर सोडून जाईन" म्हणतो. दिवाळीनंतर एक रात्र तो घरी आलाच नाही. मित्राच्या गच्चीवर झोपला होता, सकाळी सापडला. तेव्हापासून नवराबायको दोघंही धास्तावलेत. त्याने नवा मोबाइल मागितला, यांनी दिला. क्लासला दांड्या मारल्या, हे गप्प बसले. सासूबाई म्हणतात, "जाऊन जाऊन जाईल कुठे? भूक लागली की येईल." आणि ही रात्री तीन वाजता उठून त्याच्या खोलीचं दार हळूच लोटून बघते.

हा प्रश्न घेऊन येणारी ती पहिली नाही. म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहिते. त्यासाठी एका मुलाची हकिकत सांगावी लागेल. त्याला सागर म्हणू. नाव-गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायची परवानगी त्याने स्वतः दिली आहे, त्याच्या आईवडिलांनीही.

सागर १५ वर्षांचा, निफाड तालुक्यातला. वडील कांद्याची पिकअप चालवायचे. क्लासच्या फीसाठी दिलेले ३,००० रुपये त्याने मोबाइलवरच्या गेममध्ये घालवले. क्लासवाल्यांचा फोन आला त्या संध्याकाळी वडिलांनी अंगणात, शेजाऱ्यांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली आणि म्हणाले, "चालता हो. पुन्हा तोंड दाखवू नकोस." हे वाक्य आपल्याकडे किती घरांत बोललं जातं! बोलणाऱ्याच्या मनात 'मला फार राग आलाय' एवढंच असतं. सागरने ते जसंच्या तसं ऐकलं. पहाटे दप्तरात दोन शर्ट कोंबले, आईच्या तांदळाच्या डब्यातले २०० रुपये घेतले, एसटीने नाशिकरोड गाठलं आणि मुंबईच्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये चढला. कल्याणला टीसी दिसला म्हणून उतरला. पुढचे १९ दिवस तो तिथेच होता.

मी काही वर्षं मुंबईच्या स्टेशनांवर अशा मुलांसाठी काम केलं आहे. घरातून नुकतंच निघालेलं पोर फलाटावर लांबूनही ओळखू येतं. प्रत्येक गाडी आली की ते उठून उभं राहतं, पण चढत नाही. चप्पल अजून स्वच्छ असते. दप्तर पाठीवर नसतं, पोटाशी धरलेलं असतं. दोन-चार तासांनी ते पाण्याच्या नळाशी येऊन पुन्हा पुन्हा तोंड धुतं. आम्हाला हे दिसायचं. अडचण अशी की हेच सगळं दुसऱ्यांनाही दिसतं, आणि ते आमच्या आधी तिथे पोचलेले असतात.

पहिल्या रात्री पुलाच्या जिन्याखाली झोपला तेव्हा सागरचं दप्तर गेलं. दुसऱ्या रात्री चप्पल गेली. तिथल्या मोठ्या पोरांनी त्याला रिकाम्या बाटल्या वेचायला लावलं, निम्मे पैसे 'भाई'ला द्यायचे. "पोलिसाकडे गेलास तर डोंगरीत टाकतील, अठरा वर्षांचा होईपर्यंत सोडत नाहीत," हेही त्याच पोरांनी सांगितलं. डोंगरी म्हणजे मुंबईतलं मुलांचं सरकारी निरीक्षणगृह. तिसऱ्या दिवशी फलाटाच्या टोकाला एक माणूस त्याच्या शेजारी येऊन बसला. चाळिशीचा, नीटनेटका, शर्ट इन केलेला. त्याने विचारलं, "जेवलास का?"

माझ्या सासूबाईंच्या वयाच्या कितीतरी बायका मला सांगतात, भूक लागली की येईल. भूक लागतेच. पण घराच्या वाटेवर बापाचा चेहरा उभा असतो आणि फलाटावर वडापाव घेऊन उभा असतो दुसराच कोणीतरी. तीन दिवस सागरशी कोणी धड बोललेलं नव्हतं. त्या माणसाने वडापाव दिला, चहा दिला, रागावला नाही, का आलास म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. चौथ्यांदा आला तेव्हा म्हणाला, माझ्या ओळखीत केटरिंगचं काम आहे, वाढपी म्हणून, रोजचे ४०० रुपये आणि राहायला खोली.

खोलीवर काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की दोन दिवसांनी तो तिथून निसटला आणि पुन्हा त्याच फलाटावर येऊन पडला. आता घरी जाणं त्याला आधीपेक्षाही अशक्य वाटत होतं. मोठ्या पोरांनी फडक्यावर सोल्युशन ओतून हुंगायला दिलं. मुलं याला नशा म्हणतच नाहीत. "त्याने भूक मरते आणि थंडी वाजत नाही," असं सांगतात.

"मुलगा आहे, कुठेही राहील, मुलीसारखी काळजी नाही," असं म्हणणाऱ्या पालकांशी मी इथे ठामपणे वाद घालते. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला होता. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि त्यांत मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा थोडं जास्तच होतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदाही मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. घरात मात्र आपण तो करतो. मग मुलगा तोंड उघडत नाही, कारण असं काही मुलग्यांच्या बाबतीत होतं, हे त्याने कधी ऐकलेलंच नसतं.

इकडे निफाडला काय चाललं होतं? वडील पहिल्याच संध्याकाळी तक्रार द्यायला गेले. "वयात आलेलं पोर आहे, रागात गेलंय, दोन दिवस वाट बघा," असं सांगून त्यांना परत पाठवलं. ते बिचारे दोन नाही, चार दिवस थांबले. त्यातला तिसरा दिवस हा वडापावचा दिवस होता. म्हणून प्रत्येक पालकाला मी हे तोंडपाठ करायला लावते: थांबायचं नाही. चोवीस तास थांबायचा असा कुठलाही नियम नाही. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर स्पष्ट सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करीची शक्यता धरूनच तपास सुरू करायचा. अठरा वर्षांच्या आतला मुलगा स्वतःच्या पायाने गेला असला तरीही. 'आमची हद्द नाही' म्हणाले तर शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न बघता ('झिरो एफआयआर'), गुन्हा नोंदवायला सांगा. मुलाचा अलीकडचा फोटो न्या, अंगावर कोणते कपडे होते ते सांगा, आणि पोलीस ठाण्याच्या पायरीवरूनच १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावा. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेतून, रस्त्यावरच्या मुलांसाठी सुरू झाली. 'दस, नौ, आठ' असा उलटा मोजला की लहान मुलाच्याही लक्षात राहणारा हा आकडा आहे. तुमच्या मुलालाही तो पाठ करायला लावा. घाबरू नका, आकडा सांगितल्याने मूल पळून जात नाही.

एकोणिसाव्या दिवशी रेल्वे सुरक्षा दलाच्या एका महिला शिपायाला सागर बाकाखाली तापाने फणफणलेला दिसला. तिने त्याला उठवलं नाही. बाकाशेजारी खाली बसली आणि त्याच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "तू काही चुकीचं केलेलं नाहीस, तुला आधी डॉक्टरकडे नेते." हे शब्द सागरला अजून पाठ आहेत. बालन्याय कायद्याप्रमाणे अशा मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं. तसं नेलं. तिथे त्याने दोन दिवस खोटं गाव सांगितलं. 'डोंगरी' डोक्यात होती, त्याहून जास्त ते अंगण डोक्यात होतं. बालगृहात दोन दिवस पोटभर झोपल्यावर त्याने खरा पत्ता दिला. गृहचौकशी झाली, आईवडिलांना बोलावलं, आणि तो घरी गेला. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने पुढच्या समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवला.

पहिल्या भेटीत मी एक मोठी चूक केली. दुपारची वेळ होती, तो निफाडहून आलेला. आपल्याकडे आलेल्या माणसाला जे विचारतात तेच मी विचारलं, "जेवलास का रे?" तो ताडकन उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला, कडीवर हात ठेवून. मी बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवला होता, तिकडे त्याने पाहिलंही नाही. मला काहीच उमगेना. मी फक्त दार सताड उघडं ठेवलं आणि म्हटलं, कधीही बाहेर जाऊ शकतोस. पुढच्या तीन भेटी आम्ही दार उघडं ठेवूनच बोललो, तेही क्रिकेटवर आणि पिकअपच्या गिअरबॉक्सवर. चौथ्या भेटीत तो त्या माणसाबद्दल बोलला. मी त्याला आधीच सांगितलं होतं की असं काही ऐकलं तर कायद्याने मला पोलिसांना कळवावंच लागतं, पण तुला न सांगता मी एक पाऊलही टाकणार नाही. तसंच केलं. गुन्हा नोंदवून लोहमार्ग पोलिसांकडे वर्ग झाला. तो माणूस अजून सापडलेला नाही. हे लिहिताना माझा हात आजही जड होतो.

आई सांगायची, "झोपताना चप्पल उशाखाली घेतो, मॅडम. मी काढून बाहेर ठेवली तर रात्री उठून परत आणतो." मी म्हटलं, राहू दे. चादर मळेल, धुता येईल. आजूबाजूचे लोक बघायला यायचे, कुठे होतास, काय खाल्लंस म्हणून चौकशा करायचे. आईने पडवीत खाट टाकून त्यांना तिथेच चहा दिला, आत कोणाला सोडलं नाही. मी शिकवून जमलं नसतं असं तिने ते निभावलं. वडिलांना फार वेळ लागला. माझ्यासमोर ते एक शब्द बोलायचे नाहीत, टोपी गुडघ्यावर ठेवून जमिनीकडे बघत बसायचे. एकदा इथून परत जाताना चांदोरीला रस प्यायला थांबले, तेव्हा ग्लास हातात धरून म्हणाले, "तोंड दाखवू नको म्हणलो, ते चुकलं माझं." सागरने हे मला पुढच्या वेळी सांगितलं. काय म्हणालास रे तू, असं विचारलं तर म्हणाला, "काही नाही. अजून एक ग्लास घेतला."

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे येते.

ताई, मुलाला जरूर बोला. क्लास बुडवला तर जाब विचारा. धमकीला घाबरून मोबाइल दिलात, तो वेळेच्या अटी ठरवून पुन्हा तुमच्या ताब्यात घ्या. तुम्ही घाबरलाय हे त्याला कळतं, आणि घाबरलेल्या आईवडिलांच्या घरात मुलाला सुरक्षित वाटत नाही. फक्त बोलताना दार बंद करू नका. 'चालता हो', 'तू मेलास आम्हाला', 'तोंड दाखवू नकोस' ही वाक्यं तुमच्या घरातून कायमची जाऊ द्या, आणि चारचौघांसमोर हात तर अजिबात उचलू नका. तो शांत असताना, रागाच्या वेळी नाही, त्याला एकदा नीट सांगा: कितीही मोठी चूक केलीस, कितीही वाजता आलास, तरी आधी जेवायला वाढीन, बोलणं दुसऱ्या दिवशी. आणि पुन्हा कधी उशिरा आला तर हे तंतोतंत पाळा. त्या रात्री एकही प्रश्न नको. तो एक रात्र गच्चीवर का गेला, हे मात्र कळायलाच हवं. घरात, शाळेत, क्लासमध्ये कोणी त्याला त्रास देतंय का, हे 'जाईन' म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत आधी पाहावं लागतं, कारण काही मुलं घरातल्याच माणसापासून पळत असतात. त्यांना समजावून परत पाठवणं हा अन्याय ठरतो.

गुरुवारी साडेचारला या. त्याला आणायची घाई करू नका. आधी तुम्ही दोघं या, आणि जमलं तर सासूबाईंनाही आणा.