श्रीमंत देशांची विकास मदत कार्बन कमी करण्याच्या प्रयत्नांशी जोडली, तर एका पैशात दोन्ही कामं होणार नाहीत का?

कामं खुशाल जोडा, पैसे जोडू नका, असं माझं मत आहे.

मी मुंबईत मरोळला राहतो आणि गेली सहा वर्षं आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न मला हिशेबाच्या बाजूनं जास्त दिसतो. पण आधी कामाबद्दल. आमच्या दाराशी भुयारी मेट्रो आली. आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, ऑक्टोबर २०२५मध्ये ती पूर्ण सुरू झाली. तिच्या मूळ खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग 'जायका' या जपानी संस्थेच्या कर्जातून आला, आणि जपानच्या लेखी हे कर्ज म्हणजे विकास मदत. माझी आई गिरगावात मावशीकडे टॅक्सीनं जायची, कारण चौऱ्याहत्तराव्या वर्षी अंधेरीचे जिने चढून लोकल पकडणं तिला झेपत नव्हतं. आता ती मरोळ नाक्याला बसते आणि गिरगावला उतरते. टॅक्सीची एक फेरी वाचली, तेवढा कार्बन वाचला. आईला मात्र मेट्रो हवी होती ती गुडघ्यांसाठी. लोकांची गरज भागवताना कार्बनही कमी होतो, असं जिथे जमतं तिथे जोडणी उत्तमच. (तरी या मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९मध्ये आरेतली दोन हजारांहून जास्त झाडं गेली, ते मी विसरलेलो नाही. शिवाय मेट्रो ज्या विजेवर धावते, ती मुंबईची वीज अजून बरीचशी कोळशाची आहे. महापालिकेच्या २०२२च्या हवामान कृती आराखड्यात शहराच्या उत्सर्जनातला सुमारे ७२ टक्के वाटा ऊर्जेचा दाखवला आहे.)

अडचण येते ती मदत कार्बनच्या मापानं वाटायला घेतली की. हा प्रयोग होऊन गेला आहे. हवामान बदलावरच्या १९९७च्या क्योटो करारात 'स्वच्छ विकास यंत्रणा' होती. विकसनशील देशांतल्या प्रकल्पांतून श्रीमंत देशांनी कार्बन क्रेडिट, म्हणजे कमी केलेल्या उत्सर्जनाची प्रमाणपत्रं, विकत घ्यायची. त्यातून उत्सर्जन कमी व्हावं आणि त्या देशाचा विकासही व्हावा, असा दुहेरी हेतू. बहुतेक प्रकल्प चीन आणि भारतात गेले, आफ्रिकेच्या वाट्याला फार थोडे आले. ते होणारच होतं. मलावीसारख्या देशात माणशी उत्सर्जन इतकं कमी आहे की तिथे कमी करण्याजोगं फारसं काही नाहीच. सुरुवातीच्या वर्षांत क्रेडिटचा मोठा वाटा मिळाला तो फ्रीज-एसीसाठी लागणारा वायू बनवणाऱ्या मोजक्या कारखान्यांना. तिथे एचएफसी-२३ नावाचा वायू जोडीनं तयार होतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट उष्णता धरून ठेवतो. तो जाळायला खर्च थोडा, क्रेडिट भरमसाट. हवेच्या दृष्टीनं ते जाळणं योग्यच, पण त्यामुळे शेजारच्या वस्तीला नळ मिळत नाही की शाळा. युरोपीय महासंघानं २०१३पासून या वायूची क्रेडिट घेणं बंद केलं.

मला याहून जास्त लागणारी गोष्ट आमच्या गल्लीतली आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीचं पाणी आमच्या तळमजल्यांत शिरलं. मी आणि दोन शेजारी काळोखात म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून वर आणत होतो. सकाळी पाणी ओसरल्यावर जिन्यात लोकांची ओली कागदपत्रं, रेशनचे तांदूळ, मुलांची दप्तरं पसरलेली होती. त्या दिवसापासून आमची मागणी एकच आहे: नाले रुंद करा, पंप बसवा, काठावरच्या लोकांना आधी सुरक्षित घरं द्या. नाला रुंद केल्यानं एक ग्रॅमही कार्बन कमी होत नाही. मदतीचा काटा कार्बनवर लावला तर असली कामं रांगेत शेवटी ढकलली जातात. आजही हवामान निधीचा, म्हणजे हवामान बदलाच्या कामांसाठी श्रीमंत देश देतात त्या पैशाचा, मोठा भाग उत्सर्जन कमी करण्याकडेच जातो, पुरापासून वाचण्याच्या कामांना त्याहून कमी मिळतं.

आता हिशेब. सोसायटीत सिंकिंग फंड वेगळा, दुरुस्ती निधी वेगळा. मी एका फंडातून गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून तोच खर्च दोन्ही खात्यांत दाखवला, तर वार्षिक सभेत सभासद मला जाब विचारतील, आणि तो विचारायलाच हवा. देशांच्या वह्यांत मात्र हे चालून जातं. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के विकास मदत द्यायची, हे संयुक्त राष्ट्रांत १९७० साली ठरलं. ते पाळणारे देश आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. २००९मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत दुसरं वचन दिलं गेलं, विकसनशील देशांना हवामान निधी म्हणून २०२०पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर, आणि तो निधी 'नवा आणि जादा' असेल असा शब्दही दिला. श्रीमंत देशांच्याच ओईसीडी या संघटनेच्या मोजणीनुसार तो आकडा २०२२ साली गाठला गेला. त्यातल्या सरकारी पैशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कर्ज होता, आणि बराचसा पैसा मदतीच्या जुन्याच बजेटमधला. म्हणजे एकच रुपया दोन वचनांत मोजला गेला. जपाननं तर इंडोनेशियातल्या कोळशाच्या वीज केंद्रांना दिलेली कर्जंही हवामान निधीत धरली होती, कारण ती केंद्रं जुन्यांपेक्षा कमी कोळसा जाळतात.

मेट्रोचं कर्ज मुंबई फेडू शकते. ज्या देशाला दवाखान्यांसाठी आलेले पैसे आता सौर पॅनलच्या नावावर, तेही व्याजानं मिळतात, त्याच्यासाठी ही मदत उरतच नाही.

२०२४मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत या निधीचा नवा आकडा ठरला, २०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर, आणि भारताच्या प्रतिनिधींनी तिथेच त्यावर आक्षेप घेतला. त्या ठरावात अनुदान किती, कर्ज किती आणि पूर-दुष्काळाच्या कामांना किती, याचे वेगळे आकडे नाहीत. ही तीन खाती वेगळी लिहून कोणी २०० अब्ज जरी दिले असते, तरी मला ते जास्त पटलं असतं.